चौकटीवरच्या टिकल्या

मार्च लागला की माझ्या दुकानात दोन गोष्टी जास्त खपतात, परीक्षेचं सामान आणि बारीक टिकल्या. परीक्षेचं सामान का खपतं ते कोणीही सांगेल. पॅड, निळे पेन, पट्टी, ग्लुकोजचे पुडे, हॉल तिकिटाची झेरॉक्स. बारीक टिकल्यांचं कारण मात्र गावात थोड्याच बायकांना माहीत आहे, आणि त्या बोलत नाहीत. मीही इतकी वर्षं बोलले नाही. आता लिहिते आहे, तर नावं बदलून लिहिते. गावाचं नाव मुळीच घालत नाही. तेलंगणातल्या भीमपूर आणि तामसीच्या भागातलं आहे, आदिलाबादची बस थांबते, एवढं पुरे.

यंदा ऊन लवकर तापलं. होळीचे रंग अजून काउंटरवर होते आणि लोक मडकी मागायला लागले. बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या पिशव्यांना मोहाच्या फुलांचा वास येतो, गोड आणि थोडा आंबलेला, डोकं दुखवणारा. समोरच्या शाळेत पोरं झाडाखाली पाठांतर करतात. आणि शुक्रवारी दुपारी गल्लीच्या टोकाकडून तेलुगू गाणी सुरू होतात. पहिलं गाणं कानावर आलं की माझं लक्ष आपोआप येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या कपाळाकडे जातं. ही सवय मला त्या एका वर्षानं लावली.

गल्लीच्या टोकाला चर्च आहे. गावात त्याला प्रार्थनेचा हॉल म्हणतात. पत्र्याचं छप्पर, निळी भिंत, वर पांढरा क्रूस. रस्त्यावरून भिंत दिसते आणि भोंगा दिसतो. दार मागच्या अंगाला, कडुलिंबाच्या अंगणात उघडतं. ते रस्त्यावरून दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गुड फ्रायडेच्या आधीचे चाळीस दिवस ते उपासाचे पाळतात. तेलुगूत श्रमदिनालु म्हणतात. त्या दिवसांत दर शुक्रवारी उपास-प्रार्थना असते. खेड्यांतून बायका पांढऱ्या साड्या नेसून बसने येतात, पदर डोक्यावर घेऊन गल्लीत शिरतात आणि ऊन उतरल्यावर बाहेर पडतात. ईस्टरच्या आदल्या रविवारी पोरं शिंदीच्या झाडाची पानं हातात घेऊन गाणी म्हणत माझ्या दुकानावरून जातात. नारळाच्या झावळ्या इकडे कुठून आणणार. ती पानं खरबरीत असतात, पोरांचे हात कापतात, तरी एकही पोरगं पान टाकत नाही. हे सगळं मी लग्न होऊन आले तेव्हापासून काउंटरमागून बघते आहे.

बघते म्हणजे संशयानं बघते. दुकानात बसणाऱ्या बाईला संशय ठेवावाच लागतो. फाटकी नोट, वजन वाढावं म्हणून भिजवलेला माल, उद्या देतो म्हणणारं गिऱ्हाईक, सगळ्यांकडे एकाच नजरेनं बघायचं. तिथले पास्टर माझ्याकडून सामान घेत आणि भाव करत नसत. जो माणूस भाव करत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. एका वर्षी परीक्षेच्या दिवसांत भोंग्याची तक्रार करायला चार लोक एकत्र आले, तर ते तक्रार घेऊन पोचायच्या आतच पास्टरांनी आवाज कमी करून टाकला होता. लोक खूश झाले. मी म्हटलं, इतकं आधी कळलं कसं?

गावात बोलणी व्हायची. तिथं तांदूळ देतात, फी भरतात, दुखणं काढतात. मी कोणाच्या बोलण्यावर गेले नाही. गल्लीत काय जातं आणि गल्लीतून काय येतं ते माझ्या दुकानावरूनच जातं-येतं. आत जायची लिंबं, साखर, प्लॅस्टिकचे ग्लास. बाहेर यायच्या त्या बायका, रिकाम्या हातानं, डोळे लाल, आणि चेहरा आंघोळ केल्यासारखा. मला तेच खटकायचं. माणूस काही न घेता बाहेर येतो आणि तरी हलका दिसतो, तर आत त्याच्याकडून काहीतरी ठेवून घेतलं असणार. काय, ते मला कळत नव्हतं.

आता कल्पनाचं सांगते. कल्पना माझी धाकटी जाऊ, माहेर मुधोळचं. बोलायला कमी, कामाला चोख. तिचा नवरा गजानन, म्हणजे माझा दीर, मनानं वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की दुसरीला जागा उरत नाही. त्यांची रेवती त्या वर्षी दहावीला होती. माझा मंगेश इंटरला, म्हणजे बारावीला. घरात दोन पोरं परीक्षेला बसली की घर कसं होतं ते आयांना सांगायला नको. टीव्हीवर चादर टाकलेली, कुकरची शिट्टीसुद्धा हळू व्हावी असं वाटायचं.

मंगेशची मला चिंता नव्हती. तो पास होणार होता, जास्त नाही, कमी नाही. रेवतीचं वेगळं होतं. पाचवीपर्यंत ती मराठी शाळेत शिकलेली, आणि तेलुगूचा पेपर समोर आला की तिचे हात गार पडायचे. बाजारात फडाफडा तेलुगू बोलणारी पोरगी, पण कागदावर ती गोलगोल अक्षरं दिसली की ओकारी काढायची. प्री-फायनलला, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेला, तिनं तेलुगूचा पेपर कोराच दिला. गजाननभाऊजींनी तिला मारलं नाही. फक्त जेवताना म्हणाले की नापास झाली तर पुढे शाळा नाही, पोरगा बघतो. म्हणाले आणि वरणात भात कालवला. कल्पना वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण त्या दिवशी तिनं सगळ्यांना मीठ दोनदा वाढलं.

त्यानंतरच्या एका शुक्रवारची गोष्ट. कल्पना दुपारी दळण आणते म्हणून गेली आणि ऊन उतरल्यावर परत आली. माझ्या दुकानावरून गेली, डोक्यावर दळणाचा डबा, आणि कपाळावर मोठी मखमली टिकली. मरून रंगाची, सोनेरी काठाची.

माझ्या हातात मोजपट्टी होती, ती तशीच राहिली.

गावातल्या टिकल्या मीच विकते. कोण कोणती लावते हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन, त्यात कसलं शहाणपण नाही, रोजचं काम आहे. कल्पना लाल, बारीक, डाळीएवढी लावायची. ही मरून मखमली टिकली गावात एकच बाई लावत असे, शोभाबाई. आमच्या शेजारी राहणाऱ्या, भजनी मंडळाच्या पुढे बसणाऱ्या, कोणाच्या दारात काय वाळत घातलंय ते पाहिल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या. त्यांच्यासाठी मी ते पाकीट मुद्दाम आदिलाबादहून आणत असे. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

आता सकाळी बारीक टिकली लावून गेलेली माझी जाऊ संध्याकाळी शोभाबाईंची टिकली लावून येते. दोघींचं बोलणं नाही, येणं-जाणं नाही. गिरणीत टिकल्या बदलत नाहीत. घरी आल्यावर कल्पनाच्या ते लक्षात आलं असावं, कारण जेवायच्या वेळी कपाळ साफ होतं आणि भुवयांच्या मधे गोल लालसर वळ होता. मोठ्या टिकलीचा डिंक वाईट असतो, कातडी ओढतो. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, घामानं पडली.

मी आठवडाभर काही बोलले नाही. विचारलं की माणूस सावध होतो. नुसती बघत राहिले. कोणी पुरुष आहे का, हे पहिल्यांदा मनात आलं. मग वाटलं, अंगातलं काढणाऱ्या कोणाकडे जाते का. शोभाबाईंचं त्यात काय काम, हे कुठल्याच हिशेबात बसेना. पुढच्या शुक्रवारी सकाळी झेरॉक्सच्या रद्दीत मला मंगेशच्या हॉल तिकिटाची काळी पडलेली, बिघडलेली कॉपी सापडली. मी काढली नव्हती. मंगेशनंही नव्हती. मी ती घडी करून कॅलेंडरच्या मागे खोचली.

त्या दुपारी अम्मगारूंचा निरोप आला की प्लॅस्टिकचे ग्लास पाठवा. अम्मगारू म्हणजे पास्टरांच्या बायको, सगळं गाव त्यांना तसंच म्हणतं. एरवी मी ग्लास कोणाच्या तरी हाती पाठवले असते. त्या दिवशी दुकानाला अर्धं शटर लावलं आणि मीच निघाले.

अंगणात चपलांचा ढीग होता. कडुलिंबाचा फुलोरा त्यावर पडत होता. दाराची लाकडी चौकट जुनी, रंग उडालेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना, हात पोचेल तिथपर्यंत, टिकल्या चिकटवलेल्या.

मी विकलेल्या टिकल्या. काळी, चॉकलेटी, लाल, हिरव्या खड्याची, चंद्रकोर. काही ताज्या, काही मागच्या कधीतरीच्या विसरलेल्या, धूळ बसून करड्या झालेल्या. आत जाताना काढून ठेवायची, बाहेर येताना लावायची. लाकडावर जिथून टिकल्या निघून गेल्या होत्या तिथं डिंकाचे गोल ठिपके राहिले होते. मी उभी राहून एकेक ओळखत गेले. ही तामसीकडची, दर गुरुवारी बाजाराला येते. ही मास्तरांची बायको, अरे वा. ही लाल बारीक कल्पनाची. आणि तिच्या अगदी शेजारी ती मरून मखमली, सोनेरी काठाची.

मग मागच्या शुक्रवारी काय झालं ते कळलं. घाईत, उन्हातून आलेल्या डोळ्यांनी, पदर सावरत, हाताला लागली ती टिकली कपाळाला लावली आणि घरी आली. अशी चूक करायला आधी अशी चौकट लागते.

आत बायका सतरंजीवर बसल्या होत्या, पाठी माझ्याकडे. पुढच्या टेबलावर हॉल तिकिटांचा गठ्ठा आणि पेनांनी भरलेला स्टीलचा डबा. अम्मगारू एकेक तिकीट उचलून नाव वाचत होत्या आणि प्रत्येक नावाला सगळ्या बायका एकदम, आपापल्या शब्दांत, देवाशी बोलायला लागत. तेलुगूत, मराठीत, गोंडीत. मधमाशांचं पोळं हलवल्यासारखा आवाज. मला तेलुगू कळतं, दुकान चालवायचं तर कळावंच लागतं. रेवती, म्हणाल्या, तेलुगूचा पेपर आहे, भीती वाटते. पोळं हललं. तेलुगूच्या पेपरासाठी तेलुगूतून मागणं, हिशेब बरोबर आहे, असं माझ्या मनात आलं आणि मला हसू येणार होतं. तेवढ्यात त्यांनी पुढचं नाव वाचलं. मंगेश. इंटर.

माझ्या मुलाचं नाव. आणि ज्या बायकांनी त्याला कधी पाहिलं नाही त्या डोळे मिटून, हात वर करून त्याच्यासाठी मागत होत्या. कोणी तरी रडतही होती. माझ्या पोरासाठी मी स्वतः कधी अशी रडले नव्हते, तशी वेळ आली नव्हती.

खोटं कशाला लिहू, मला भरून वगैरे आलं नाही. पहिला विचार आला, नाव दिलं कोणी. दुसरा आला, आधी नाव घेतात आणि मग काय घेतात. ग्लासांची पिशवी हातात कचकच वाजत होती. आवाजानं अम्मगारू बाहेर आल्या. म्हणाल्या, अक्का, आत या, बसा. मी म्हटलं, दुकान उघडं आहे. मग चौकटीकडे बोट केलं आणि विचारलं, हे तुम्ही काढायला लावता का. त्या म्हणाल्या, आम्ही कधीच कोणाला सांगितलं नाही. एकीनं काढली, ती बघून दुसरीनं काढली. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर टिकली नव्हती आणि ते कपाळ सगळ्यांच्या पुढे बसत होतं. न सांगता सांगायचे पुष्कळ प्रकार असतात. मला त्यांचं उत्तर पटलं नाही, आजही पटलेलं नाही. पण तांदळाची पोतीही मला तिथं दिसली नाहीत, हेही लिहिलं पाहिजे.

मी टिकली काढली नाही आणि उंबरा ओलांडला नाही. परत येऊन शटर वर केलं.

कल्पनाला मी त्या संध्याकाळी विचारणार होते. पण शोभाबाई माझ्याआधी पोचल्या. दुकान आवरून घरी गेले तर ओसरीवर त्या सासूबाईंच्या शेजारी बसलेल्या, भाऊजी खांबाला टेकून उभे, आणि कल्पना स्वयंपाकघराच्या दारात. रेवतीच्या वाचण्याचा आवाज आतून येत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

"काकू, मी आपलेपणानं सांगून राह्यली," शोभाबाई म्हणत होत्या. "दारातच टिकली काढते ते. चौकटीले चिकटवते आन आत जाते. नवरा समोर जिता असून भुंडं कपाळ घेऊन बसते."

आमच्याकडे याहून वाईट काही बोलता येत नाही. चर्चमध्ये जाते, हे एक वेळ चाललं असतं. गावातल्या किती तरी घरांतून दुखण्याखुपण्याला लोक दर्ग्यावर जातात, नवसाला कुठे कुठे जातात. पण नवरा असताना बाईनं कपाळ पुसलं म्हणजे नवऱ्याचं मरण मागितलं. भाऊजींचा चेहरा दगडासारखा झाला होता. ते माझ्याकडे वळले.

"वैनी, तुमी दिवसभर तिथंच बसता. तुमाले दिसल्याबिगर राह्यलं नसन. खरं सांगा. ते तिथं जात असन तर उद्याच तिले मुधोळले नेऊन घालतो. राहू दे बापाजवळ."

सोमवारी रेवतीचा तेलुगूचा पेपर होता.

आत वाचणं थांबलं होतं. कल्पना माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती. मी हो म्हटलं असतं तर सकाळच्या बसनं ती गेली असती, आणि पोरगी सोमवारी कोरा पेपर देऊन घरी आली असती, मग पोरगा बघायला सुरुवात. नाही म्हटलं असतं तर ते खोटं, आणि खोटं उघडं पडायला शोभाबाई समोर बसलेल्याच होत्या. मला दोन्ही नको होतं. मी पिशवी खाली ठेवली.

"शोभाबाई," मी म्हटलं, "ते दार मांगच्या अंगानं आहे. चौकट रस्त्यावरून दिसत नाई. तुमाले कशी दिसली?"

"लोक सांगतात," त्या म्हणाल्या.

"आत जाणारेच सांगतीन मंग. कोण हो?"

शोभाबाईंचा हात कपाळाकडे गेला आणि मधेच थांबला.

"तुमची ते मोठी टिकली मी आदिलाबादेतून फक्त तुमच्यासाठी आणतो. गावात दुसरी कोणी लावत नाई. मले सगळ्याईच्या टिकल्या वळखू येतात," मी म्हटलं.

"टिकलीचं काय मंधातच?" सासूबाई म्हणाल्या.

"काई नाई आत्याबाई. पाकीट सरलं असन तर उद्या आणतो, म्हणून इचारलं."

शोभाबाई उठल्या. दूध तापायला ठेवलंय म्हणाल्या. मी भाऊजींना म्हटलं की मी दुकान चालवते, वरात बघत बसत नाही. पोरीचे पेपर होऊ द्या. मायला आत्ता मुधोळला पाठवलं तर पोरगी सोमवारी कागदावर काय लिहील? पेपर झाले की काय विचारायचं ते विचारा, मी इथंच आहे. भाऊजी चपला घालून बाहेर गेले. त्यांच्या डोक्यात जी एक जागा होती तिथं आता पेपर बसला होता.

शोभाबाई का आल्या असतील, यावर मी पुष्कळ विचार केला. टिकल्या बदलल्या त्या शुक्रवारी बाहेर येऊन बघतात तर आपली टिकली जाग्यावर नाही. कोणी नेली ते कळायला वेळ लागला नसेल, शेजारची बारीक लाल तिथंच राहिली असणार, आणि ती कोणाच्या कपाळावरची ते शेजारणीला ठाऊक. म्हणजे कल्पनाला आपण तिथं येतो हे कळलं. ती बोलायच्या आधी आपण बोलून घ्यावं. कल्पना काही बोलणार नव्हती, पण भ्यालेल्या माणसाला हे सुचत नाही. त्या तिथं काय मागायला जात होत्या, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांची सून चांगली, मुलगा कमावता, दुखणं-बिखणं काही ऐकलं नाही. सगळं असलेली बाई चोरून काय मागत असेल, हा प्रश्न मला अजूनही दर मार्चला पडतो.

कल्पना दुसऱ्या दिवशी दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. कॅलेंडरच्या मागची काळी कॉपी काढून मी तिच्यासमोर ठेवली.

"झेरॉक्स मीच मारली, ताई," ती म्हणाली. "तुमी जेवाले गेल्ता तवा. एकीचंच काऊन ठेवू म्हटलं. मंगेशबी तर बसून राह्यला परीक्षेले."

मी विचारलं, घरात देव आहेत, मारुती आहे, देवी आहे, मग तिथं कशाला.

ती काउंटरवरचा पेन फिरवत म्हणाली, "मंदिरात मीच मायासाठी मांगतो. तिथं दुसऱ्या बाया मायासाठी मांगतात, मायं नाव घेऊन. मले ते आयकाले बरं वाटते."

"आन तुयाकडून काय मांगतात?"

"काईच नाई. येत जा म्हणतात."

"त्याचंच तर मले भेव वाटते," मी म्हटलं.

ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला माझ्या समोर दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. मी बारीक लाल टिकल्यांचं एक पाकीट काढून तिच्या पुढे टाकलं. म्हटलं, काढलेली परत लावू नको, डिंक राहत नाही, पडते, आणि दुसरीची तर अजिबात नको. पर्समध्ये पाकीट ठेव, बाहेर येताना नवी लाव. मी झाडू उचलला.

रेवती तेलुगूत पास झाली, जेमतेम. प्रार्थनेनं, की पोरीनं रडत रडत ती गोल अक्षरं गिरवली म्हणून, की आई घरात राहिली म्हणून, ते मी ठरवू शकत नाही, आणि ज्यांनी ठरवून टाकलंय त्यांच्याकडे मी नीट बघते. आता ती आदिलाबादेत मेडिकलच्या दुकानात काम करते आणि गिऱ्हाइकांशी तेलुगूतून भांडते. मंगेश हैदराबादला असतो. मी त्याला ते सगळं एकदा सांगितलं, तर फोनवर म्हणाला, मग माझे मार्क वाढले का नाहीत. भाऊजींनी पेपर झाल्यावर कधी काही विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात पुढच्या वर्षीचं बियाणं शिरलं होतं.

कल्पना आता दुकानात माझ्याबरोबर बसते. झेरॉक्सचं मशीन तिच्याकडे आहे. मार्चमध्ये एखादी बाई बारीक टिकल्यांचं पाकीट घेता घेता हॉल तिकिटाच्या दोन कॉप्या मागते, एक शाळेला आणि दुसरी कशाला ते सांगत नाही. कल्पना मारून देते. शोभाबाई येतात, त्यांची मरून मखमली नेतात, आणि याच दिवसांत एक बारीक टिकल्यांचं पाकीटही नेतात, नातीसाठी म्हणून. नात नांदेडला असते. मी पाकीट कागदात गुंडाळून देते.

हॉलला आता नवीन लोखंडी दार बसलं आहे, त्यावर ऑइलपेंट. अम्मगारूंचे केस पिकले. पास्टर अजून भाव करत नाहीत आणि माझं त्यांच्याबद्दलचं मत अजून तेच आहे. कल्पना दर शुक्रवारी जाते, चाळीस दिवस संपले तरी जाते, याचं मला कौतुक नाही. एखाद्या जागेची माणसाला इतकी गरज लागावी, हे मला अजूनही धोक्याचं वाटतं. तिला मी तसं सांगितलंही आहे. ती म्हणते, ताई, तुमाले दुकानाची नाई लागत?

पाकीट दिलं तरी तिची जुनी सवय काही गेली नाही. फक्त आता ती टिकली तिकडच्या दारावर ठेवत नाही. टिकल्या लावून बघायला मी दुकानात एक आरसा टांगलेला आहे. शुक्रवारी निघताना त्याच्या कोपऱ्यात आपली टिकली चिकटवते आणि गल्लीत वळते. गिऱ्हाइकांना ती नमुना वाटते.

गेल्या शुक्रवारी सासूबाई दुकानात आल्या. हल्ली त्यांना एवढं चालवत नाही, पण घरात उकडतं म्हणून आल्या आणि स्टुलावर बसल्या. भोंग्यातून गाणं चाललं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कल्पनाची खुर्ची रिकामी होती. मग आरशाकडे पाहिलं.

"हे टिकली कोणाची?"

"मायी," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्या कपाळाकडे पाहिलं. तिथं माझी होतीच. मग पुन्हा आरशातल्या टिकलीकडे पाहिलं, सावकाश, एखाद्या भाजीची जुडी पारखावी तशी.

"बरं," त्या म्हणाल्या. "पंखा वाढव जरा."